‘पोटात गोळा’ची परवानगी

४, मंगळवार

दर अर्ध्या तासाला फोन करून तक्रारी सांगण्यापेक्षा वहीत लिहून ठेव, असं ही म्हणाली. ही म्हणजे माझी बायको. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, आणि फोन घ्यायचा तर तिला हातमोजे काढावे लागतात. म्हणून ही वही.

तर पहिली तक्रार. मी गाद्यांच्या दुकानाचा व्यवस्थापक आहे आणि गाद्यांच्या थप्पीवरून पडून माझा पाय मोडला. चहूकडे गाद्याच गाद्या होत्या. दुकानात मोकळी म्हणावी अशी हातभर फरशी फक्त दाराजवळ आहे, मी नेमका तिच्यावर उतरलो. हाडांच्या डॉक्टरांनी दोनदा विचारलं, कशावरून पडलात? दुसऱ्यांदा मी ‘जिन्यावरून’ असं सांगितलं.

मांडीपर्यंत प्लास्टर आहे. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि तिथली लिफ्ट इतकी चिंचोळी की हा पाय तिच्यात आडवा मावत नाही, उभा करता येत नाही. म्हणून माझी रवानगी सासऱ्यांच्या तळमजल्यावर. हाड जुळेपर्यंत आम्ही दोघं इथेच.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. सरकारी लिफ्ट-निरीक्षक होते. आता निवृत्त आहेत, आणि सासूबाई गेल्यापासून एकटेच. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझं-त्यांचं आजवरचं सगळं बोलणं एका पोस्टकार्डावर मावेल आणि वर पत्त्यालाही जागा उरेल. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. अण्णांनी तो लांबूनच बघितला.

६, गुरुवार

सकाळी अण्णा विचारतात, “चहा?” मी म्हणतो, चालेल. संध्याकाळी पुन्हा तेच. मधल्या वेळात ते खिडकीजवळच्या खुर्चीत, मी कॉटवर, आणि दोघं मिळून माझ्या पायाकडे बघतो.

आज ही लॅपटॉप घेऊन आली. तिच्या प्रयोगशाळेतल्या एकीने त्यात एक खेळ घालून दिलाय. आपण जत्रेसारखं पार्क बांधायचं, पाळणे लावायचे, माणसं येतात, बसतात, ओरडतात. मी म्हटलं, मी काय लहान मूल आहे? ती म्हणाली, नाही, पण किरकिर तेवढीच करतोस.

७, शुक्रवार

दिवसभर रूळ टाकत होतो. तक्रार लिहायला वेळ नाही.

९, रविवार

रोलर कोस्टर उभा राहिला. नाव ठेवलं ‘पोटात गोळा’. साखळीवरून गाडी कडकडत चढते, माथ्यावर जराशी रेंगाळते आणि मग जी सुटते ती विचारू नका. तळ्यावरून वळसा, एक उलटं वेटोळं, आणि परत स्टेशनात. स्टेशन म्हणजे तूर्तास एक उघडा फलाट. लोक पोटात गोळा यायला येणार, फलाट बघायला नव्हे.

चाचणीची रिकामी गाडी सोडली तेव्हा अण्णा कप घेऊन मागून चालले होते. शेवटच्या वळणावर गाडीने रूळ सोडले, तळं ओलांडलं आणि ती आइस्क्रीमच्या टपरीवर जाऊन आदळली. पडद्यावरची माणसं हात वर करून सैरावैरा पळाली.

अण्णा थांबले. कप खाली ठेवला, चष्मा बदलला आणि म्हणाले, “ब्रेक कुठे आहे?”

मी म्हटलं, अजून बसवला नाही.

“मग गाडी सोडलीत कशी?”

मी समजावून सांगितलं की हा खेळ आहे, माणसं खोटी आहेत, कुणाला काही होत नाही. अण्णा पडद्याकडे बघत राहिले. पळालेल्यांतली एक बाई परत आली होती. मोडलेल्या टपरीसमोर उभी होती आणि तिच्या डोक्यावरच्या ढगात अक्षरं उमटली होती : मला आइस्क्रीम हवं आहे.

“हिला काय सांगणार तुम्ही?” अण्णांनी विचारलं. मग त्यांनी खिडकीजवळची खुर्ची उचलली आणि माझ्या कॉटला लागून ठेवली.

११, मंगळवार

खुर्ची अजून तिथेच आहे. अण्णांनी स्पष्ट सांगितलं की त्यांच्या घरात, त्यांच्या विजेवर, त्यांच्या तपासणीशिवाय माणसं घेऊन काहीही वर जाणार नाही आणि खाली येणार नाही.

ब्रेक बसवले. म्हणाले, आणखी बसवा. फलाटाला कठडा हवा. गाडी येईपर्यंत कठड्याची दारं बंद हवीत. चढायची बाजू वेगळी, उतरायची वेगळी. पाऊस आला तर माणसांनी कुठे जायचं? मी म्हटलं, या खेळात पाऊस कधीतरीच पडतो. ते म्हणाले, कधीतरी म्हणजे पडतो.

संध्याकाळी हिच्याकडे गाऱ्हाणं नेलं. ती म्हणाली, तुमच्या दोघांच्या मध्ये मला ओढू नका, मी दिवसभर सुया टोचून आले आहे.

एका परीने हे हास्यास्पद आहे. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवं बटण आहे. ते दाबलं की ‘पोटात गोळा’ सर्वांसाठी खुला. अण्णांची सही कुठेही लागत नाही. मी दाबत नाही एवढंच.

१३, गुरुवार

दाबलं. अण्णा आंघोळीला गेले होते.

काय गर्दी लोटली. रांग पार तळ्यापर्यंत गेली. गाडी सुटली, वेटोळ्यातून फिरली, ब्रेकवर अलगद थांबली. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात हिरव्या सदऱ्यातला एक इसम उतरला, दोन पावलं चालला आणि फलाटाच्या मधोमध ओकला. मागचे त्याच्यातूनच चालत गेले.

अण्णा टॉवेल गुंडाळून दारात उभे होते. केव्हापासून, कोण जाणे. कपडे घालून आले, खुर्ची उचलली आणि खिडकीजवळ नेऊन ठेवली.

१५, शनिवार

कालपासून “चहा?” सुद्धा नाही. कप नुसता येतो.

पार्कात चिक्कार माणसं येतात आणि मजेत ओरडतात. मला मात्र चव नाही. वेटोळं छान झालंय हे कुणाला सांगायचं? माझ्या पायाला?

दुपारी लाल बटण दाबून मी स्वतःच ‘पोटात गोळा’ बंद केला. रांगेतले लोक कुरकुरत पांगले. मग कुणाला उद्देशून नव्हे, असंच जरा मोठ्याने म्हणालो की कठडा लाकडी बरा की लोखंडी, ते काही ठरत नाही.

मग खिडकीकडून आवाज आला, “लोखंडी.”

खुर्ची परत आली. हिला हे सांगितलं तर ती हसत सुटली. यात हसण्यासारखं काय, कळलं नाही.

२०, गुरुवार

स्टेशन आता चांगलंच मोठं झालंय. उतरतं छप्पर, दोन्ही बाजूंना कमानी, वर हवा खेळायला झरोके, गाडी चालवणाऱ्याला वेगळी खोली. त्या खोलीत खुर्ची पाहिजे असा अण्णांचा हट्ट. उभं राहून माणसाचं लक्ष पायांकडे जातं, बटणाकडे राहत नाही, म्हणाले.

बाकांच्या बाबतीत मात्र मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. बसणं आणि झोपणं हा माझा धंदा आहे. अण्णांनी ठेवलेले बाक इतके उंच होते की बसणाऱ्याचे पाय लोंबकळावेत. मी त्यांना कॉटच्या कडेवर बसवून दाखवलं की गुडघा कुठे दुमडतो आणि मांडीखाली काय होतं. त्यांनी दोनतीनदा ऊठबस केली, मान डोलावली आणि बाक खाली केले. निरीक्षकाला आपण पटवलं याचा मला उगीचच फार आनंद झाला.

आज त्यांनी आणखी एक खोली मागितली. फलाटाच्या मागे, मोठ्या खिडक्यांची. मी विचारलं, कशाला?

“सोडायला आलेल्यांना.”

“अण्णा, रोलर कोस्टरला कुणी सोडायला येत नाही. गाडी दीड मिनिटात इथेच परत येते.”

“येते ना परत? मग तोवर थांबणाऱ्याने कुठे बसायचं?”

वाद घालण्यात अर्थ नव्हता. खोली बांधली. मी हौसेने तिच्यात मऊ बैठका टाकल्या. माणसं येतील आणि थेट गाडीकडे जातील, ही जागा फुकट जाणार आहे. पण म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये.

२३, रविवार

आज जे झालं ते लिहायला हवं, कारण ही उद्या सगळ्यांना वेगळंच सांगेल.

अण्णांचे सकाळी फिरायला जाणारे दोन मित्र आले. एक औषधवाले काका, यांचं कोपऱ्यावर औषधाचं दुकान आहे. दुसऱ्यांना कर्नल म्हणतात. सैन्यात ते कधीच नव्हते, फक्त मिशा आहेत. अण्णांनी त्यांना तपासणी समिती म्हणून बोलावलं होतं. औषधवाल्या काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, या रुळांची मुदत कधी संपते? कर्नलनी गाडीकडे बघून शंका काढली की दोघांच्या मध्ये एवढी कमी जागा असेल तर जाडा माणूस बसणार कुठे. कर्नल स्वतः भरभक्कम आहेत.

पडद्यावर बघून हे ठरेना. तेव्हा अण्णांनी जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या दोन-दोन करून गाडीसारख्या लावल्या. मोडका पाय पुढे पसरता यावा म्हणून मला पहिल्या खुर्चीत बसवलं. शेजारी अण्णा, मागे काका आणि कर्नल. मांडीवर दांडा हवा म्हणून प्रत्येकाने लाटणं, छत्री, माझी कुबडी, जे हाताला लागेल ते घेतलं. अण्णा वेग सांगत होते. ते “डावीकडे” म्हणाले की चौघांनी डावीकडे कलायचं. उतारावर पुढे झुकायचं. वेटोळ्यात काय करायचं यावर मतभेद झाले, शेवटी डोळे मिटायचं ठरलं.

आम्ही डोळे मिटून बसलेलो असताना ही दारातून आत आली.

तिने पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, “कोण दगावलं?”

“कुणी नाही. गाडी उलटी आहे,” अण्णा डोळे न उघडता म्हणाले.

निष्पन्न एवढंच की कर्नल खुर्चीत अडकले, ते निघेनात, आणि त्यामुळे गाडीच्या बैठका रुंद कराव्या लागणार.

१, सोमवार

बैठका रुंद केल्या. गाडी रुंद झाली म्हणून वळणं बदलली. वळणं बदलली म्हणून तळं सरकवलं. अण्णा रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसतात. ही म्हणते, निवृत्तीनंतर तिने त्यांना इस्त्री करताना पाहिलं नव्हतं. वेळ जात नसेल त्यांचा.

१२, शुक्रवार

आज प्लास्टर निघालं. आतून निघालेला पाय माझाच आहे यावर विश्वास बसत नव्हता. एखाद्या गरीब माणसाचा वाटत होता.

अण्णा बरोबर आले होते. डॉक्टरांनी एक्स-रेचं छायाचित्र दिव्यावर धरून सांगितलं की हाड उत्तम जुळलंय, काठी घेऊन चाला, जिने मात्र एवढ्यात नकोत. मी खूश. अण्णा छायाचित्राजवळ गेले, नाक लावून बघितलं आणि विचारलं, “भार टाकून तपासलंत?”

डॉक्टर म्हणाले, कसला भार?

अण्णा म्हणाले की लिफ्ट सुरू करण्याआधी नेहमीच्या वजनाच्या सव्वापट वजन घालून वर-खाली करतात. टिकली तर चालू. “यांच्यावर सव्वापट कुणी घातलं का?”

डॉक्टरांनी नम्रपणे सांगितलं की जावयांसाठी तशी पद्धत नाही. अण्णांनी विचारलं की मग आणखी महिनाभर प्लास्टर ठेवलं तर काय बिघडेल. माझ्या पायाची त्यांना एवढी शंका येते, याचं मला जरा वाईटच वाटलं.

घरी येताना ही म्हणाली, पुढच्या रविवारी सामान हलवू. अण्णा बाहेर बघत होते.

१४, रविवार

निघायला पुढचा रविवार ठरलाय, म्हणून म्हटलं अण्णांकडून आता शेवटचा होकार घ्यावा. तर त्यांनी नव्या त्रुटी काढल्या. झरोक्यांत पक्षी घरटी करतील. पायऱ्या गुळगुळीत आहेत. पाट्यांची अक्षरं चष्म्याशिवाय वाचता येत नाहीत. ज्या खोलीत कुणी बसत नाही तिला त्यांनी चक्क आणखी एक खिडकी मागितली. अशाने हे काम वर्षभर संपायचं नाही, मी म्हटलं. अण्णा म्हणाले, घाई कसली आहे?

मला वाटतं त्यांचा माझ्यावर राग आहे. इतके दिवस त्यांच्या घरात पाय पसरून पडलोय, कंटाळले असतील. तोंडाने ‘जा’ म्हणता येत नाही, मग असं छळायचं.

१७, बुधवार

योगायोग बघा. आमच्या इमारतीच्या सचिवांचा फोन आला की लिफ्ट बंद केली आहे. सकाळी कुणी एक वयस्कर गृहस्थ आले, त्यांनी लिफ्टच्या वरच्या खोलीत जाऊन पाहणी केली, दोर धोकादायक असल्याचं सांगितलं आणि इतक्या अधिकाराने सांगितलं की सचिवांनी ताबडतोब कुलूप ठोकलं. दुरुस्ती होईपर्यंत सगळ्यांनी जिना चढायचा. मला जिना मना. म्हणजे रविवारचं जाणं बारगळलं.

अण्णांना आज फिरून यायला बराच उशीर झाला होता. सदऱ्यावर काळं वंगण लागलं होतं. ही त्या डागाकडे बघत राहिली. अण्णा पंख्याकडे बघत राहिले. मग ती त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली. मी काठी घेऊन पाणी प्यायला गेलो तेव्हा दाराबाहेर थोडं ऐकू आलं.

“नुसतं तोंडाने सांगितलं असतं तरी चाललं असतं, अण्णा.”

“दोराचे धागे खरंच तुटलेत.”

“किती?”

“तीन.” मग जरा थांबून, “दोन.”

लिफ्टच्या भानगडीत मी पडत नाही. पाणी न पिताच परत आलो. रात्रीच्या जेवणाला दोघंही गप्प होते, पण भांडल्यासारखे गप्प नव्हते.

२४, बुधवार

लिफ्टचा दोर बदलला. अण्णा स्वतः तिथे दिवसभर कारागिरांच्या डोक्यावर उभे होते म्हणे. आल्यावर हात धुतले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, “लिफ्ट ठीक आहे. आता हे चालू करा.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. विचारलं, पायऱ्या? पक्ष्यांची घरटी? ते म्हणाले, चालेल.

मी हिरवं बटण दाबलं. माणसं आली. कठड्याची दारं उघडली, मिटली, गाडी कडकडत चढली, सुटली, आली. कुणी ओकलं नाही. अण्णा प्रत्येक फेरीला खुर्चीचा हात धरून जरासे वळत होते. मी वाट बघत होतो की काहीतरी म्हणतील, मागचं वळण जरा तीव्र आहे, ब्रेक उशिरा लागतो, काहीही. संध्याकाळभरात ते एकदाच बोलले. “चांगलं झालंय,” एवढंच, आणि उठून अंथरूण घालायला गेले. दिवेलागणही नीट झाली नव्हती.

परवानगी मिळाली. इतक्या दिवसांची झकाझकी संपली. मला हलकं वाटायला हवं होतं.

२८, रविवार

आलो आमच्या घरी. अण्णा पोचवायला आले. लिफ्टमध्ये त्यांनी कान भिंतीला लावला होता, तिसऱ्या मजल्यापर्यंत. वर आल्यावर मला खुर्चीत बसवलं, माझ्या नडगीवर बोटाने ठोकून ऐकलं, जसं कुणी तुळई ठोकतं. “आवाज चांगला आहे,” म्हणाले. चहाला थांबले नाहीत.

१, गुरुवार

दुकानात जायला अजून आठवडा आहे. ही सकाळी जाते. घर अगदी शांत. मला हवं ते करता येतं, कुणी नाही म्हणणारं नाही. दोन दिवसांत एक नवा पाळणा केला, जहाजासारखा झुलणारा. कठडे घातले, काढले. खांब इथे लावले, तिथे लावले. बरोबर आहे की चूक, समजायला मार्ग नाही. सगळंच चालतंय. अशाने काही बांधता येत नाही.

अण्णांना फोन केला. याआधी मी त्यांना कधी फोन केलेला नाही, ही करते आणि शेवटी मला नमस्कार सांगायला लावते. त्यांनी उचलला तो घाबरून, “पोरीला काय झालं?”

मी म्हटलं, ती बरी आहे, मीही बरा आहे. एक झुलतं जहाज केलंय आणि त्याचा एक खांब मला डळमळीत वाटतोय. खरं तर खांब पक्का आहे. तसा प्रश्न पडावा म्हणून काल मीच तो थोडा तिरका केला होता. का केला, ते मला नीट सांगता येणार नाही.

“असं फोनवर सांगता यायचं नाही,” अण्णा म्हणाले. “बघावं लागेल.”

“मग रविवारी घेऊन येऊ?”

खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

“शनिवारी या,” अण्णा म्हणाले. “एका दिवसात उरकण्यासारखं काम नाही ते.”